हातभर चिरा ते दोन मिलिमीटरचं भोक: लायपोसक्शनच्या वणांची पार्श्वभूमी

लायपोसक्शनची, म्हणजे नळीने चरबी ओढून काढायच्या ऑपरेशनची, चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो खर्च किती, आणि दुसरा हमखास, वण राहतील का. खरं तर हे तंत्र एवढं पसरलं ते या दुसऱ्या प्रश्नामुळेच. चरबी काढता येत होतीच हो आधीपासून, पण तिच्या बदल्यात अंगावर जी शिवण यायची ती कुणाला नको होती.

१८९९ साली अमेरिकेत बाल्टिमोरला हॉवर्ड केली नावाच्या गायनॅक सर्जनने एका बाईचं लोंबतं पोट कापून काढल्याची नोंद आहे, जवळपास साडेसात किलो, कातडीसकट. म्हणजे आडवा लांबलचक चिरा आणि तेवढीच लांब शिवण. पुढची कित्येक वर्षं चरबी काढायची म्हणजे हेच. आजही कातडी फार सैल असेल तर टमी टक (पोटाची सैल कातडी कापून काढायचं ऑपरेशन) करतात, त्याचा वण कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, आणि नेटवर दोन्ही ऑपरेशनांचे फोटो एकत्र बघून लोक विनाकारण धसका घेतात.

छोट्या चिऱ्यातून चरबी काढायचा पहिला गाजलेला प्रयत्न फार वाईट गेला. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल द्युजारिए या सर्जनने एका नर्तकीचे गुडघे-पोटऱ्या सडसडीत करायला गर्भाशय खरवडायची क्युरेट वापरली, रक्तवाहिनीला इजा झाली, गँगरीन झालं आणि शेवटी पाय कापावा लागला. त्यानंतर बरीच वर्षं या वाटेला कुणी फारसं गेलंच नाही. १९६०च्या दशकात जर्मनीत योझेफ श्रुडं यांनी पुन्हा छोट्या चिऱ्यातून क्युरेट घालून पाहिली, वण लहान आला पण धारदार हत्याराने आत रक्त आणि पाणी साचायचं. मग १९७०च्या दशकात रोममध्ये अर्पाद आणि जॉर्जिओ फिशर या बापलेकांनी पोकळ नळी आणि सक्शन जोडलं, अर्धा सेंटीमीटरच्या चिऱ्यातून.

खरा फरक पडला १९७७ मध्ये पॅरिसला. ईव्ह-जेरार इलूझ यांच्याकडे एक बाई पाठीवरची चरबीची मोठी गाठ काढून घ्यायला आली, पण पाठीवर लांब वण नको ही तिची अट. गाठ कापून काढली तर वण येणारच, म्हणून इलूझ यांनी लहान छेद घेतला आणि गर्भपातासाठी वापरतात तसली बोथट टोकाची कॅन्युला, म्हणजे पोकळ नळी, आत सरकवून गाठ ओढून घेतली. इथे बोथट हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण धारदार हत्यार आत एक मोठी पोकळी करतं आणि बोथट नळी नुसते बोगदे करत जाते, मधल्या रक्तवाहिन्या आणि नसा बऱ्याच शाबूत राहतात, त्यामुळे वरच्या कातडीला रक्त मिळत राहतं. कातडीला रक्त कमी पडलं की ती काळी पडते, मरते, आणि मग जो वण येतो त्यापुढे टाक्याचा वण काहीच नाही. १९८३ मध्ये त्यांनी पाच वर्षांतल्या तीन हजारांहून जास्त केसेस छापल्या, तोवर अमेरिकेतले सर्जन शिकायला पॅरिसच्या वाऱ्या करायला लागले होते.

पण त्या काळातल्या नळ्या जाड, दहा मिलिमीटरपर्यंतच्या, म्हणजे छेद सेंटीमीटरभर तरी होणारच, वर टाके आले आणि रक्तही बरंच जायचं. हे बदललं ते कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन यांच्यामुळे, आणि ते प्लास्टिक सर्जन नव्हते, स्किनचे डॉक्टर होते (यावरून दोन्ही बाजूंमध्ये पुढे बरीच धुसफूस झाली). १९८७ मध्ये त्यांनी ट्युमेसंट पद्धत मांडली: भरपूर सलाईनमध्ये थोडं लिडोकेन आणि थोडं अ‍ॅड्रेनलिन मिसळून ते चरबीत इतकं भरायचं की तो भाग फुगून टणक होतो, रक्तवाहिन्या आकसतात, तिथली जागा बधिर होते आणि पेशंट जागाच असतो. रक्त जात नाही म्हणजे घाई नाही, घाई नाही म्हणून बारीक नळी चालते. तीन मिलिमीटर, दोन, त्याहून कमी.

क्लाइन यांनी आणखी एक गोष्ट केली जी ऐकून आपल्याकडची मंडळी हमखास दचकतात, ती म्हणजे भोकं शिवायचीच नाहीत. एक ते दोन मिलिमीटरचा गोल पंच मारायचा, काम झालं की तो उघडाच ठेवायचा, वर जाड पॅड आणि पट्टा. आत उरलेलं लालसर पाणी त्यातून एक-दोन दिवस झिरपून जातं, त्यामुळे सूज आणि काळंनिळं कमी होतं, आणि टाक्यांच्या खुणाच येत नाहीत. सगळेच सर्जन असं करत नाहीत, बरेच जण एखादा टाका घालतात, पण विचारायला काहीच हरकत नाही. दुसरं म्हणजे भोकं दोन्हीकडे अगदी एकसारख्या जागी नसलेली बरी, कारण दोन्ही कुशींवर समोरासमोर ठिपका दिसला की बघणाऱ्याला लगेच कळतं, इकडेतिकडे असले तर कांजिण्यांच्या खुणांसारखे खपून जातात. बाकी बेंबीत, जांघेत, नितंबाच्या घडीत, काखेत लपवणं हे जुनंच.

मधे १९९०च्या आसपास इटलीच्या मिकेले झोक्की यांनी अल्ट्रासाऊंडने चरबी वितळवायची पद्धत आणली. सुरुवातीला छेद पुन्हा मोठे झाले आणि तापलेल्या दांड्याने छेदाच्या कडा भाजायच्या, म्हणून भोकात प्लास्टिकचं संरक्षक बूच बसवायची पद्धत आली. साध्या नळीनेही शेकडो वेळा आत-बाहेर घासून कडा दुखावतेच, त्यामुळे भोक जितकं लहान तितकं चांगलं हेही पूर्ण खरं नाही. नळीला फार घट्ट बसणारं भोक वाईट बरं होतं.

आता आपल्या कातडीचं. यातलं बहुतेक काम गोऱ्या कातडीवर झालंय. हार्वर्डच्या टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये कातडीचे प्रकार पाडले तेव्हा तेही गोऱ्यांपुरतेच होते, सावळ्या आणि काळ्या कातडीचे प्रकार नंतर जोडले गेले. गोऱ्या माणसाचा ताजा वण लाल दिसतो आणि हळूहळू फिका होतो. आपल्याकडे भोक छान भरून येतं पण तिथे तपकिरी-काळा ठिपका पडतो, तो वण नसून रंगद्रव्य असतं, आणि ते जायला सहा महिने, वर्ष, कधी जास्तही लागतं. ज्या भागाला ऊन लागतं, कोपराजवळ वगैरे, तिथे सनस्क्रीन. पण बेंबीखाली कुठलं ऊन, तिथे ठिपका गडद होतो तो बऱ्याचदा कॉम्प्रेशन गार्मेंटची (ऑपरेशननंतर घालायच्या घट्ट कपड्याची) शिवण त्याच जागी दिवसभर घासल्याने, त्यात मुंबईसारखा घाम. छोटं पॅड ठेवायचं किंवा गार्मेंटचा साईज बदलायचा. आणि कृपा करून त्यावर लिंबू चोळू नका, लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडी भाजते आणि डाग वाढतो.

केलॉइडची, म्हणजे जखमेच्या बाहेर वाढत जाणाऱ्या फुगीर वणाची, भीती असेल तर आधी स्वतःचं अंग बघा. लहानपणी दंडावर बीसीजी दिली ती जागा सपाट आहे की वर आलेली, चकचकीत, खाजणारी? कान टोचल्यावर पाळीला गाठ आली होती का? घरात कुणाला? हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगायचं. तंबाखू-सिगारेटचंही लपवू नका, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम रेंगाळते.

सिलिकॉन जेल १९८०च्या दशकात भाजलेल्या पेशंटांच्या वणांसाठी वापरात आलं, ऑस्ट्रेलियात आणि मग इतरत्र. जखम पूर्ण बंद झाल्यावरच, रोज, दोन-तीन महिने, तर थोडा फायदा. व्हिटॅमिन ई कॅप्सूल फोडून लावायची फॅशन आहे, पण १९९९ मध्ये मायामीत छोट्या ट्रायलमध्ये वण काही सुधारले नाहीत आणि तिघांतल्या एकाला उलट पुरळ आलं.

आणि पुष्कळ जण ज्याला वण म्हणून घाबरतात तो कातडीवर नसतोच. हाताला लागणारं कडक, गाठीगाठीचं ते आतले बोगदे भरून येताना तयार झालेलं तंतूंचं जाळं असतं, काही महिन्यांत बहुतेकांचं मऊ पडतं. खड्डे मात्र आपोआप भरत नाहीत, ते कातडीला फार लागून चरबी ओढल्याने पडतात. त्यावर उपाय म्हणजे दुसरीकडची चरबी काढून तिथे भरणं, तेही घाईने नाही, सूज पूर्ण उतरून सहा महिने-वर्ष गेल्यावर. म्हणजे काढायच्या जागी एक भोक आणि भरायच्या जागी आणखी एक.