प्लाझ्मा, क्वांटम संगणक आणि अरेषीयतेचा अडसर

प्लाझ्मातील, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूतील, कणांची स्थाने आणि वेग यांचे वितरण कसे बदलते हे सांगणारे व्लासोव्ह समीकरण १९३८ पासून हाताशी आहे. अडचण ते मांडण्यात नव्हती, सोडवण्यात होती. स्थानाच्या तीन आणि वेगाच्या तीन अशा सहा मितींत प्रत्येकी १०० बिंदू घेतले, तर एक लाख कोटी आकडे होतात. प्रत्येकाला ८ बाइट दिले तरी एका क्षणाच्या चित्राला ८ टेराबाइट लागतात. इतकेच आकडे ४० क्युबिटच्या (क्वांटम संगणकाच्या मूळ एककांच्या) आयामांत, म्हणजे त्यांची एकत्रित अवस्था ठरवणाऱ्या आकड्यांत, बसतात. प्लाझ्मावाल्यांना क्वांटमची ओढ लागली ती या हिशेबामुळे.

त्यामागचा पाया आधीच घातला गेला होता. क्वांटम प्रणालींचे अनुकरण कार्यक्षमतेने करता येते हे १९९६ मध्ये दाखवले गेले आणि २००९ मध्ये रेषीय, म्हणजे अज्ञातांचा आपसात गुणाकार नसलेल्या, समीकरणसंचांसाठी अल्गोरिदम आला. २०१९ मध्ये तो धागा थेट व्लासोव्हपर्यंत पोचला, पण समीकरणाचे रेषीय रूप घेऊन. निवडलेला प्रश्न होता लँडाऊ अवमंदनाचा, म्हणजे प्लाझ्मातील तरंग टकरींशिवायच विरण्याचा. त्याचे उत्तर १९४६ पासून ठाऊक असल्याने पडताळा घेणे सोपे होते.

वाद आहे तो या निवडीवर. क्वांटम अवस्थेची उत्क्रांती रेषीय असते. प्लाझ्मात मात्र कण क्षेत्र घडवतात आणि तेच क्षेत्र कणांना ढकलते, म्हणजे अज्ञाताचा अज्ञाताशीच गुणाकार होतो. रेषीय रूपात हा गुणाकार गळतो, आणि त्याबरोबर प्रक्षुब्धताही (प्लाझ्मातील अनियमित खळबळ) जाते. महासंगणकांचा वेळ खरा खर्च होतो तो तिच्यावरच. सुरुवात म्हणून निवड योग्यच होती. पण त्या निकालावरून संलयन भट्टीच्या (अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या यंत्राच्या) अनुकरणाची आशा दाखवणे मला पटत नाही.

अरेषीयतेवर १९३२ ची एक युक्ती पुन्हा बाहेर काढली गेली : क्ष, क्ष², क्ष³ यांना वेगवेगळे अज्ञात मानायचे. समीकरणे रेषीय होतात, पण त्यांची साखळी अनंत होते आणि ती कुठेतरी तोडावी लागते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने अट घातली की अरेषीयतेचे ऱ्हासाशी, म्हणजे हालचाल विरत जाण्याशी, गुणोत्तर १ पेक्षा कमी हवे. ते √२ किंवा त्याहून जास्त असेल, तर सर्वांत वाईट स्थितीत क्वांटम संगणकही हतबल ठरतो. आणि तप्त प्लाझ्मात ऱ्हास कमीच असतो, कारण तो घडवणाऱ्या टकरींची वारंवारता तापमानाच्या ३/२ घातानुसार घटते.

उत्तर वाचण्याचा खर्च वेगळाच. सगळे आयाम मोजायला गेले की ४० क्युबिटचा फायदा तिथेच संपतो. म्हणून अलीकडचे प्रस्ताव अवमंदनाचा दर किंवा शोषलेली ऊर्जा यांसारखी एकच राशी मागतात आणि शीत प्लाझ्मातील (जिथे कणांची औष्णिक हालचाल दुर्लक्षिली जाते) तरंगांसारख्या मुळातच रेषीय प्रश्नांकडे वळतात.