कुरळ्या केसांना कुठला हेअरबँड लावायचा?

माझ्या लेकीचे केस एकदम कुरळे, स्प्रिंगसारखे, आणि शाळेत डोळ्यांवर येतात म्हणून आम्ही कित्येक महिने तिला तो प्लास्टिकचा दातवाला हेअरबँड लावत होतो. एकदा संध्याकाळी काढला तर दातांत केसांचे इवले इवले तुकडे अडकलेले, आणि एकाच्याही टोकाला ती बारीक पांढरी गाठ नव्हती. म्हणजे केस मुळापासून गळत नव्हते, मधेच तुटत होते.

केसाच्या बाहेरच्या थरात बारीक खवले असतात, घराच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले, तोंड टोकाकडे. एक केस चिमटीत धरा आणि मुळाकडून टोकाकडे बोटं ओढा, मग उलटी फिरवा, उलट्या दिशेने लगेच खरखर जाणवते. कुरळ्या केसात तर प्रत्येक वळणावर हे खवले सहज उचकटतात, त्यात डोक्याच्या त्वचेचं तेल त्या वळणांतून टोकापर्यंत नीट पोचतच नाही, म्हणून हे केस मुळातच कोरडे आणि नाजूक, आणि त्यावर खरखरीत कापड किंवा दात घासले की तिथेच तुटणार.

आता कापड. सॅटिन म्हणजे धागा नाही हं, ती विणायची पद्धत आहे, त्यामुळे दुकानातलं सॅटिन बहुतेक वेळा पॉलिस्टरच असतं. तरी चालतं, कारण आपल्याला हवाय तो गुळगुळीतपणा, आणि कॉटन केसांतला ओलावा शोषून घेतं तसं ते फारसं घेत नाही. रेशीम असेल तर उत्तमच.

पण कापडापेक्षाही मी घट्टपणाकडे जास्त बघते. ताण तेवढाच असला तरी रुंद पट्टीत तो पसरतो, बारीक इलॅस्टिक मात्र एकाच रेषेत काचतं. केस सतत ओढले गेले की कपाळाच्या कडेचे आणि कानशिलावरचे केस विरळ होतात, याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, 1907 साली ग्रीनलंडमधल्या घट्ट केस बांधणाऱ्या बायकांमध्ये त्याची पहिली नोंद झाली. लवकर लक्षात आलं तर केस परत येतात, पण वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मूळच मरतं. बँडखाली बोट सहज सरकलं पाहिजे, आणि लावल्यावर डोकं दुखायला लागलं तर तो घट्टच आहे, मग कितीही सुंदर असो, काढून टाका.

आणि ओल्या केसांवर तर अजिबात नको. पाण्याने केसातले हायड्रोजनचे बंध सुटतात, केस जास्त ताणला जातो आणि कमजोर होतो, वाळताना ते बंध पुन्हा जुळतात ते बँडखाली दबलेल्या आकारातच, म्हणून तो खळगा पुन्हा केस ओले करेपर्यंत जात नाही.

सध्या लेकीचा बँड आजीच्या विरलेल्या रेशमी साडीचा आहे, जरीचा काठ मुद्दाम कापून टाकला कारण जरीचे धागे केसांत अडकतात. चार बोटं रुंद, इलॅस्टिक फक्त मानेकडे, तेही कापडाच्या आत शिवलेलं.