नॉक्स संवेदक

डिझेल इंजिनाच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड या वायूंचे (दोन्ही मिळून ‘नॉक्स’) प्रमाण चालत्या गाडीत मोजणारे सिरॅमिक उपकरण. गॅरेजात याला ‘नॉक्स सेन्सर’ म्हणतात. नाव नॉक्सचे असले तरी हा संवेदक मोजतो तो ऑक्सिजन. त्याची करामत त्यात आहे आणि त्याची मोठी खोडही त्यातच.

मूळ द्रव्य झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड. त्यात थोडे यट्रिया (यट्रियम धातूचे ऑक्साइड) मिसळले की स्फटिकात ऑक्सिजनाच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि तापवल्यावर ऑक्सिजनाचे आयन त्या जागांतून उड्या मारत सरकतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गुणाचा उपयोग विजेच्या दिव्यासाठी केला. पेट्रोल गाड्यांतला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा संवेदक १९७६ मध्ये बॉशने आणला. नॉक्स संवेदक त्याचाच धाकटा भाऊ. दोन कप्प्यांची त्याची रचना १९९०च्या दशकात जपानच्या एनजीके इन्सुलेटर्स कंपनीने पुढे आणली.

धातूचे टोपण काढले तर आत एक अरुंद पांढरी पट्टी दिसते. झिर्कोनियाचे पातळ, कच्चे थर. त्यांवर प्लॅटिनमच्या लेपाची छपाई. मग सगळे एकत्र भाजलेले. टोकाशी हीटर असतो, तो पट्टी सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवतो. धूर बारीक वाटेने पहिल्या कप्प्यात शिरतो. अडचण प्रमाणांची आहे : धुरात ऑक्सिजन १० टक्के धरला तर तो दहा लाखांत एक लाख भाग होतो, आणि नॉक्स असते जेमतेम काहीशे भाग. म्हणून पहिल्या कप्प्यात विजेच्या जोरावर जवळजवळ सगळा ऑक्सिजन उपसून बाहेर टाकतात. तिथल्या प्लॅटिनममध्ये सोने मिसळलेले असते, त्यामुळे नायट्रिक ऑक्साइड फुटत नाही. डायऑक्साइडचेही नायट्रिक ऑक्साइड होते. दुसऱ्या कप्प्यात ऱ्होडियमयुक्त अग्रावर (इलेक्ट्रोडवर) मात्र ते फुटते. सुटलेला ऑक्सिजन झिर्कोनियातून जाताना जो प्रवाह देतो, तेच नॉक्सचे माप. हा प्रवाह अँपियरच्या लक्षांशाहूनही लहान असू शकतो. म्हणून नियंत्रक डबी संवेदकाला आखूड वायरने कायमची जोडलेली असते; अंशांकन (कॅलिब्रेशन) त्या जोडीचे असते, डबी बदलून चालत नाही.

भारतात १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरावरचे बीएस-६ निकष लागू झाले. डिझेल मोटारींची नॉक्स मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. ट्रकमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर युरियाचे द्रावण फवारतात; त्यापासून अमोनिया बनतो आणि पुढच्या उत्प्रेरकावर तो नॉक्सचा नायट्रोजन करतो. किती फवारायचे आणि ते कामी आले का, हे उत्प्रेरकाच्या अलीकडचा व पलीकडचा संवेदक मिळून सांगतात.

इथेच ती खोड नडते. युरिया जास्त झाला की न वापरलेला अमोनिया पलीकडे निसटतो, पट्टीच्या उष्णतेत जळून त्याचे नायट्रिक ऑक्साइड होते आणि संवेदक तेही नॉक्स म्हणूनच मोजतो. आकडा वाढलेला पाहून आणखी युरिया सोडला, तर आकडा आणखी वाढतो. म्हणून इंजिनाचे सॉफ्टवेअर फवारा किंचित कमी-जास्त करून आकडा कोणत्या दिशेला हलतो ते पाहते.

दुसरा वैरी पाणी. थंड सायलेन्सरमध्ये साचलेला थेंब तापल्या पट्टीवर उडाला तर ती तडकते. त्यामुळे नळी कोरडी होईपर्यंत हीटर पूर्ण तापवत नाहीत आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर काही काळ संवेदक गप्प असतो.