पिकअपचे मागचे पाटे बदलताना: आरटीओची मंजुरी केव्हा लागते, अर्ज कसा करायचा, पासिंगला काय दाखवायचं

आठ-दहा वर्षं माल वाहिलेली पिकअप मागून बसते. हौदा रिकामा असतानाही मागचा भाग खाली दिसतो, भरल्यावर खड्ड्यात चेसिस रबरावर आपटते, आणि गॅरेजवाला सांगतो, ‘एकेक पाटा वाढवून टाकू.’ पाटा म्हणजे लीफ स्प्रिंगची पट्टी, मागच्या ॲक्सलवर गाडीचा भार झेलणारी वाकडी पोलादी पट्टी. अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यानंतर मात्र तीन प्रश्न उरतात: आरटीओला कळवायचं का, फिटनेसला अडचण येईल का, आणि आता जास्त माल भरता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. आपल्याकडे ‘पासिंग’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ‘दीड टन पासिंग’ म्हणजे मंजूर भार आणि ‘गाडी पासिंगला नेली’ म्हणजे फिटनेस तपासणी. पाटे चांगले असले तर दुसरं पासिंग सोपं जातं, पण पहिलं त्याने वाढत नाही. उलट हिशेब केला तर किंचित कमीच होतं. ६५ मिलीमीटर रुंद, ८ मिलीमीटर जाड आणि सव्वा मीटर लांब असा एक पाटा सुमारे ५ किलोचा भरतो. दोन्ही बाजूंना एकेक वाढवला तर गाडी १० किलोने जड झाली. एकूण मंजूर वजन तेच राहतं, त्यामुळे माल तेवढा कमी.

आरसीवर आधी काय पाहायचं

मालवाहू गाडीच्या नोंदणीत रिकामं वजन, एकूण मंजूर वजन, प्रत्येक ॲक्सलचं नोंदणीकृत वजन आणि टायरची संख्या, प्रकार व मापं लिहिणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५८ नुसार बंधनकारक आहे. हे आकडे उत्पादकाच्या मॉडेलला मिळालेल्या मंजुरीवरून येतात. मालकाने काय बसवलं यावरून ते बदलत नाहीत.

एकूण वजनातून रिकामं वजन वजा केलं की भार निघतो, पण त्या भारात ड्रायव्हर आणि क्लीनरही मोजले जातात, कारण कायद्यातल्या रिकाम्या वजनाच्या व्याख्येत माणसं धरलेली नाहीत. समजा आरसीवर २,७०० आणि १,५५० किलो आहे. फरक १,१५० किलो. दोन माणसांचे १४० किलो गेले, राहिला माल १,०१० किलो. ताडपत्री, दोर, हौद्यात मागाहून बसवलेली लोखंडी जाळी हे सगळं याच आकड्यातून जातं.

गॅरेजला जाण्याआधी गाडी वजनकाट्यावर तीनदा मोजून घ्यावी: फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. नेहमीच्या मालासह मोजा आणि तिन्ही पावत्या ठेवा. बसलेल्या पाट्यांचं खरं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. मागच्या ॲक्सलवरचं वजन आरसीवरच्या आकड्यापेक्षा जास्त निघालं, तर पाटे वाढवणं हा त्यावरचा इलाजच नव्हे. तो भार कायद्याने दंडाचा आहे. कलम १९४ मध्ये जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहेत. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च मालकाच्या माथी.

दुरुस्ती कशाला म्हणायचं, फेरबदल कशाला

कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. फेरबदलाची व्याख्याही तिथेच आहे: गाडीच्या रचनेत असा बदल, ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं आणि उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध जाणारा बदल नोंदवून घेता येत नाही असं ठरवलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल, बाहेरून सुटे भाग बसवणंही त्यात आलं, केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

त्या कसोटीवर पाट्यांचं काम लावून पाहू.

तुटलेला किंवा बसलेला पाटा काढून त्याच मापाचा, कंपनीच्या पार्ट नंबरचा पाटा बसवणं ही दुरुस्ती आहे. पूर्ण सेट, बुश, शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी), यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे), शॉकॲब्सॉर्बर मूळ मापाचे बदलले तरीही दुरुस्तीच. अर्ज नाही, मंजुरी नाही. फक्त बिल जपायचं, आणि त्यावर गाडीचा नंबर व चेसिस नंबर लिहून घ्यायचा. नुसतं ‘पाटा सेट १ नग’ असं लिहिलेलं बिल पुढे काहीच सिद्ध करत नाही.

मूळ सेटमध्ये एक पाटा वाढवणं हा मधला, वादाचा भाग. आरसीवर पाट्यांच्या संख्येचा रकाना नसतो, म्हणून आरसीवरचा आकडा लगेच चुकत नाही. पण गाडी मंजूर मॉडेलप्रमाणे राहिलेली नाही, आणि निरीक्षकाने तो बाहेरून बसवलेला भाग धरला तर मालकाकडे उत्तर नसतं. जुन्या गाडीला मूळ मापाचा नवा सेट टाकला तर बऱ्याचदा वाढीव पाट्याची गरजच उरत नाही. पैसे तिकडे घालावेत.

ॲक्सल बदलणं, टायरचं माप बदलणं, हौद्याची लांबी किंवा उंची वाढवणं, पाट्यांच्या जागी एअर बॅग (हवेवर चालणारी स्प्रिंग) टाकणं हे उघड फेरबदल. इथे आधी मंजुरी, मग काम.

कंपनीच्या याच मॉडेलची जास्त भाराची आवृत्ती असते, तिचे पाटे आणून बसवले तर काय, असाही प्रश्न येतो. त्या आवृत्तीत चेसिस, ॲक्सल, ब्रेक आणि टायर मिळून भार मंजूर झालेला असतो. नुसते पाटे आणल्याने आपली गाडी ती आवृत्ती होत नाही. ‘मंजूर किट’ म्हणून विकणाऱ्याकडे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं, आपल्या मॉडेलचं नाव असलेलं प्रमाणपत्र मागावं. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ मधल्या अशा संस्थांपैकी पुण्याची एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई महाराष्ट्रातच आहेत. त्या उत्पादकाच्या मॉडेलची चाचणी घेतात. एकट्या मालकाने आपली गाडी नेऊन भार वाढवून आणायची ती जागा नव्हे.

आणखी एक गोष्ट भार वाढवू पाहणारे विसरतात. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, कलम ६६ मध्ये तशी सूट आहे. तो आकडा ओलांडला की परमिटही आलं.

मंजुरीचा अर्ज

परिवहन पोर्टलवर वाहनसेवांमध्ये गाडी क्रमांक आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे टाकून, आरसीला जोडलेल्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने आत जायचं आणि वाहनातील फेरबदलाची सेवा निवडायची. मोबाइल नंबर जुना असेल तर आधी तो बदलून घ्या. जुन्या गाड्यांचे अर्ज इथेच सर्वाधिक अडतात, विशेषतः गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असेल तेव्हा.

सोबत लागतात ती मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, फिटनेस प्रमाणपत्र, कर भरल्याची पावती, मालकाचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, आणि काय बदलायचं आहे याचं उत्पादकाचं किंवा अधिकृत डीलरचं लेखी पत्र. हे पत्र गाभ्याचं. त्यात मॉडेल, जुना भाग, नवा भाग आणि ‘हा बदल या मॉडेलला लागू आहे’ हे वाक्य हवं. गॅरेजच्या लेटरहेडवर काम भागत नाही.

गाडीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर त्यांची लेखी संमती जोडा. भाडेखरेदीवरची गाडी लेखी संमतीशिवाय बदलता येत नाही, हेही कलम ५२ मध्येच आहे. कर्ज फिटलं असून बोजा आरसीवर तसाच असेल तर आधी नमुना ३५ वर तो उतरवून घ्या. बँकेचा दाखला कपाटात ठेवून वर्षानुवर्षं बोजा न उतरवणारे पुष्कळ आहेत.

मालवाहू गाडीला नोंदणीपासून ८ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. तो थकला असेल तर अर्जाआधी भरा. थकलेली ई-चलनंही मिटवा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट बसवलेली असावी.

शुल्क पोर्टलवरच दिसतं, ते भरून तपासणीची वेळ घ्यायची. मंजुरी हातात आल्यावर काम करून गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर न्यायची, आणि आरसीवर नोंद झाल्यावर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवरही ती करून घ्यायची. मंजुरी न घेता बदल झालेलाच असेल तर १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसी हजर करावी लागते. पण कळवलं म्हणून बदल कायदेशीर होत नाही. मुळात नोंदवता न येणारा असेल तर तो काढावाच लागतो.

फिटनेसला काय पाहिलं जातं

मालवाहू गाडीचं फिटनेस ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावं लागतं. म्हणजे जुन्या पिकअपचे पाटे दरवर्षी कुणीतरी पाहणारच. गाडी रिकामी न्या, खालची बाजू धुऊन न्या. पाट्यांना ताजा काळा रंग फासू नका. त्याखाली चीर लपवली आहे असा संशय पहिला येतो, आणि बऱ्याचदा तो खरा असतो.

निरीक्षक गाडी समोरून-मागून पाहतो ती एका बाजूला झुकली आहे का यासाठी. सपाट जागेवर टायरची हवा सारखी करून दोन्ही बाजूंना ॲक्सलच्या नळीपासून चेसिसपर्यंतचं अंतर टेपने घ्या. दोन्हींत १०-१५ मिलीमीटरहून अधिक फरक असेल तर एका बाजूचा सेट बसलेला किंवा तुटलेला आहे. म्हणूनच पाटे नेहमी जोडीने बदलतात.

मग तुटके पाटे, सुटलेल्या क्लिपा, सैल यू-बोल्ट. पाटा तुटतो तो बहुधा सेंटर बोल्टच्या भोकाशी, आणि मूळ कारण सैल यू-बोल्ट. पाट्यांची चवड मधोमध घट्ट दाबलेली नसली की प्रत्येक खड्ड्याला भोकाशीच वाकते. सेंटर बोल्ट तुटला तर ॲक्सल मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. नवे पाटे टाकताना यू-बोल्ट नवेच घ्या, चाकं जमिनीवर टेकवून आळीपाळीने कोपऱ्याकोपऱ्यातून आवळा आणि ५०० ते १,००० किलोमीटरवर पुन्हा आवळा. एक पाटा वाढला तर जुना यू-बोल्ट आखूड पडतो आणि नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. हे निरीक्षकाला वाकून पाहिलं की दिसतंच. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्टही गाडी जमिनीवर उभी असतानाच पक्के करा. लटकत्या ॲक्सलवर आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो.

तुटका पाटा वेल्डिंग करून लावू नका. वेल्डच्या उष्णतेने पोलादाला दिलेलं पाणी (तापवून-थंडावून आणलेला कणखरपणा) उतरतं आणि पाटा शेजारीच पुन्हा तुटतो. जुना पाटा ठोकून कमान देतात तेही तात्पुरतंच, नीट पाणी न दिलेला पाटा पुन्हा बसतो. आणि जाड पाटा म्हणजे थोडा कडक असंही नाही. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलीमीटरच्या जागी १० चा पाटा जवळपास दुप्पट कडक.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे मागच्या ॲक्सलजवळचा एलएसपीव्ही, भार पाहून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. तो बहुतेक पिकअपना असतो. त्याची काडी चेसिस आणि ॲक्सल यांच्यामधलं अंतर मोजते. माल भरला, चेसिस खाली आली की मागच्या चाकांना जास्त दाब जातो. पाटे कडक करून चेसिस वर राहिली तर व्हॉल्व्ह गाडी रिकामीच समजतो, आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. रोलर ब्रेक टेस्टरवर मागचा आकडा कमी येतो तेव्हा मालक लायनर बदलत बसतात, दोष काडीत असतो. पाटे बदलल्यावर एलएसपीव्हीची काडी कंपनीच्या मापाला लावून घ्या आणि त्या कामाची नोंद बिलावर करून घ्या. काडी तारेने बांधून ठेवलेली किंवा काढून टाकलेली असेल तर फिटनेस नाकारायला तेवढं कारण पुरेसं आहे.

गाडीचा मागचा भाग वर गेला की हेडलाइटचा झोत खाली पडतो. तो त्याच दिवशी लावून घ्या.

पांढऱ्या प्लेटची पिकअप

स्कॉर्पिओ गेटअवे, झेनॉन यांसारख्या खासगी नोंदणीच्या जुन्या पिकअपना वार्षिक फिटनेस नसतं. त्यांची नोंदणी १५ वर्षांची. नूतनीकरण नमुना २५ वर, मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत करायचं, आणि तेव्हा गाडी तपासणीला न्यावीच लागते. उंची वाढवणाऱ्या किटा, मोठे टायर, एअर बॅग हे सगळं तिथे उघडं पडतं. काढलेले मूळ पाटे आणि शॉकॲब्सॉर्बर भंगारात न देता ठेवले असतील तर परत बसवून गाडी न्यायला एक दिवस पुरतो. नसतील, तर पंधरा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा मूळ सेट शोधायला महिना लागू शकतो, म्हणून मुदतीच्या तीन महिने आधीच डीलरकडे पार्ट नंबर टाकून ठेवा.