समुपदेशन, व्यक्तिगत आणि कौटुंबिक (पुणे)

चिंता, नैराश्य, मनातली घालमेल किंवा घरातले ताणलेले संबंध यांवर प्रशिक्षित व्यक्तीशी बोलून केला जाणारा उपचार. एकट्याने घेतला तर व्यक्तिगत. जोडप्याने किंवा घरच्यांनी मिळून घेतला तर कौटुंबिक. सत्र साधारण 45 ते 60 मिनिटांचे असते.

व्यक्तिगत उपचारात महाराष्ट्राला जवळची झाली ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती, कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत नेली. ‘मुलाने माझं ऐकलंच पाहिजे’ हा हट्ट ‘ऐकलं तर बरं’ इथवर आणणे, असे तिचे काम थोडक्यात सांगता येईल.

कौटुंबिक उपचाराची मांडणी 1950 नंतर अमेरिकेत मरे बोवेन, व्हर्जिनिया सटीर, साल्व्हादोर मिनुचिन यांनी केली. त्याच सुमारास अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहायला बोलावत होते, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. या पद्धतीत दुखणे एका माणसाचे न मानता घरातल्या वागण्याच्या साखळीत शोधतात. उपचारक आधी बघतो ते कोण कुठे बसले आणि कोणाचे उत्तर कोण देतो. प्रश्न सुनेला आणि उत्तर सासूबाईंचे, असे दोनदा झाले की निम्मे घर समजते. मग कागदावर तीन पिढ्यांचा आराखडा निघतो: पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ, बिनसलेल्या नात्याला नागमोडी रेघ. ‘आई-बाबा भांडतात तेव्हा आजी काय करते?’ असा आडवळणाचा प्रश्न नातवाला विचारतात. कोथरूडला आई-वडील आणि मुलगा परदेशात, अशा घरांत एक खुर्ची व्हिडिओ कॉलवर असते.

पुण्यात हे काम दवाखान्यांइतकेच चळवळींनी वाढवले. 1982 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या नारी समता मंचाचे ‘बोलते व्हा’ केंद्र बायकांचे ऐकून घेण्यासाठी होते. विद्या बाळ यांनी पुढे पुरुषांसाठीही संवाद केंद्र सुरू केले. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी ‘सहचरी’ गट आहे: दारू एकाची, पण उपचार दोघांवर. 1997 च्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशननेही सांभाळ करणाऱ्या नातेवाइकांचे गट चालवले.

आणखी एक वाट कोर्टाची. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न न्यायालयावर सोपवला, त्यामुळे शिवाजीनगरच्या न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. अनेक जोडपी समुपदेशकासमोर पहिल्यांदा बसतात ती इथेच, म्हणजे फार उशिरा. ‘सांभाळून घ्या’ हा नातेवाइकांचा सल्ला आणि समुपदेशन यांत लोक गल्लत करतात. नाते टिकवणे हे समुपदेशनाचे ठरलेले उद्दिष्ट नसते, नीट वेगळे होणे हाही त्याचा निकाल असू शकतो. मारहाण होत असेल तर दोघांना एकत्र बसवणे धोक्याचे. तिथे आधी सुरक्षितता आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा.

औषध लिहून देण्याचे काम मनोविकारतज्ज्ञाचे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नुसत्या ‘समुपदेशक’ पाटीमागे मात्र पदव्युत्तर पदवीपासून काही आठवड्यांच्या कोर्सपर्यंत काहीही असू शकते, तेव्हा शिक्षण विचारायला संकोच करू नये. मानसिक आरोग्याविषयीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे. 2022 पासून ‘टेली-मानस’ची 14416 ही मोफत सरकारी दूरध्वनी सेवा मराठीतही मिळते.