दाराच्या चौकटीवरची पेन्सिलीची रेघ

बऱ्याच घरांत दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा असतात. दर वाढदिवसाला मुलाला पाठ टेकवून उभं करायचं, डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि खूण करायची. शाळकरी वयात दोन रेघांमधलं अंतर साधारण पाच-सहा सेंटीमीटर असतं. एखाद्या वर्षी सात वर्षांच्या मुलीची रेघ एकदम आठ-नऊ सेंटीमीटर वर सरकली की घरात कौतुक होतं, ‘आजोबांच्या वळणावर गेली’ म्हणतात. पण त्याच सुमारास आंघोळ घालताना आईच्या हाताला तिच्या छातीत छोटीशी गाठ लागत असेल, तर ती वेळेआधीच वयात येत असू शकते, म्हणून दोन्ही गोष्टी मुलांच्या डॉक्टरांच्या कानावर घालायला हव्यात.

‘मुलगी वयात आली’ म्हणजे तिला पाळी आली, असंच आपण धरून चालतो. पूर्वी न्हाण आलं की मखरात बसवत, तेव्हापासून तो अर्थ घट्ट बसला. शरीराच्या हिशेबात मात्र पाळी हा शेवटाकडचा टप्पा आहे. मुलींमध्ये पहिली खूण बहुधा स्तनांतली ती गाठ असते. कधी ती आधी एकाच बाजूला येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते आणि तोवर उंचीचा जोर ओसरलेला असतो. पुढे बहुतेक मुली पाच-सात सेंटीमीटरच वाढतात. म्हणून ‘पाळी आल्यावर बघू’ म्हणून थांबणाऱ्या घरांचं मला फार वाईट वाटतं.

मुलांच्या बाबतीत तर पहिली खूण घरात कुणाला दिसतच नाही. मिसरूड फुटणं, आवाज फुटणं हे नंतरचं. आधी वाढतात ती वृषणं. डॉक्टरांकडे त्यासाठी लंबगोल मण्यांची माळ असते, प्रत्येक मण्यावर त्याचं आकारमान लिहिलेलं. 4 मिलिलिटरच्या मण्याइतकी वाढ झाली की सुरुवात झाली असं समजतात.

ही सुरुवात मुलींमध्ये 8 ते 13 आणि मुलांमध्ये 9 ते 14 या वयात झाली तर ती वेळेवर. त्याआधी झाली तर अकाली.

हे सगळं सुरू करणारं घड्याळ मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये असतं. जन्मानंतर काही महिने ते चालतं, मग मेंदू त्याला वर्षानुवर्षं दाबून ठेवतो. ते पुन्हा सुरू होतं ते रात्री, झोपेत. जीएनआरएच नावाचं संप्रेरक ठरावीक अंतराने थोडं थोडं सुटू लागतं, त्याने पिट्यूटरी ग्रंथी जागी होते आणि ती बीजकोशांना किंवा वृषणांना कामाला लावते. शरीरातली चरबीही मेंदूला लेप्टिन नावाच्या संप्रेरकामार्फत निरोप धाडत असते. लठ्ठ मुलींमध्ये हे बदल लवकर दिसतात, ते बहुधा यामुळेच. 2020च्या लॉकडाउननंतर अकाली वयात येणाऱ्या मुली वाढल्याचं इटलीतल्या आणि पुण्यातल्याही डॉक्टरांनी नोंदवलं.

मुलींमध्ये घड्याळ लवकर सुरू होण्यामागे बहुतेक वेळा वेगळा आजार सापडत नाही. मुलांमध्ये मात्र मेंदूतली गाठ सापडण्याची शक्यता जास्त, त्यामुळे एमआरआय टाळू नये. कधी घड्याळ गप्पच असतं आणि संप्रेरकं येतात ती मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून, बीजकोशातल्या गाठीतून किंवा घरातल्या कुणी वापरलेल्या हार्मोनच्या मलमातून. एक-दोन वर्षांच्या मुलीला नुसतीच छातीची गाठ असेल आणि उंचीचा वेग नेहमीचाच असेल, तर बहुधा फक्त लक्ष ठेवलं जातं.

तपासणीत डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढतात. बोटांच्या हाडांच्या टोकांशी बारीक काळ्या फटी दिसतात. तिथली कूर्चा, म्हणजे अजून हाड न झालेला मऊ भाग, वाढत राहते म्हणून उंची वाढते. संप्रेरकं आधी ही वाढ पळवतात आणि मग त्या फटी बुजवतात. सात वर्षांच्या मुलीचा पंजा दहा वर्षांचा दिसला, तर आज वर्गात सगळ्यांत उंच असलेली ती मोठेपणी बुटकी राहू शकते.

यावरचं औषध जीएनआरएचसारखंच आहे, आणि मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. थांबून थांबून मिळालं तर पिट्यूटरी जागी होते, सतत मिळालं तर ती दाद देईनाशी होते. म्हणून महिन्याला किंवा तीन महिन्यांनी सावकाश मुरणारं इंजेक्शन देतात. बरोबरीच्या मुली वयात येऊ लागल्या की ते बंद करतात, घड्याळ पुन्हा चालू लागतं आणि बहुतेकींना वर्ष-दीड वर्षात पाळी येते.