मेन लाईन महापालिकेची, पुढची पाइप घरमालकाची: ही वाटणी आली कुठनं?

कोल्हापुरात कुठल्या पण गल्लीत रस्त्याचं काम निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, आमच्या कनेक्शनचं काय? मेन लाईन महापालिका बदलते, पण फेरूलपासनं, म्हणजे मेन लाईनला कनेक्शन जोडतात त्या तोंडापासनं, घरापर्यंतची पाइप घरमालकाची, ती कामाच्या एस्टिमेटमध्ये धरलेलीच नसते. मग जेसीबीनं जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पाइप तुटते, प्लंबर येऊन तात्पुरतं जोडून जातो, वर डांबर पडतं आणि पुढं गळती लागली की तोच रस्ता परत उकरायचा.

आणि ही पाइप जाते कुठनं ते एकदा वाकून बघा. मेन लाईन रस्त्याच्या एका अंगाला, समोरच्या घरांची कनेक्शनं आख्खा रस्ता ओलांडून येतात आणि उंबऱ्याजवळ गटारातनंच आत शिरतात. सांधा गंजलेला, वरनं रबर गुंडाळलेलं. पाणी ठराविक वेळच येतंय, बाकी वेळ पाइप रिकामी, त्यात कुणी मोटर लावली की गटारातलं पाणी त्या सांध्यातनं आत ओढलं जातं आणि नळाला घाण वास येतो. काविळीची साथ अशीच पसरते, म्हणजे पाइप खाजगी असली तरी तिचा त्रास सगळ्या गल्लीला.

हा प्रश्न आजचा नाही. इंग्लंडात 1848 चा सार्वजनिक आरोग्य कायदा आला तेव्हाच त्यावर तोड काढलेली: घरमालकानं घराचं ड्रेनेज करून घ्यायचं, नाही केलं तर स्थानिक बोर्डानं करायचं आणि खर्च 30 वर्षांपर्यंत हप्त्यानं वसूल करायचा. तीच कल्पना पुढं 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात आली, तिथनं 1949 च्या प्रांतिक महापालिका कायद्यात. कोल्हापूरची नगरपालिका 1854 ची, पण 15 डिसेंबर 1972 ला महापालिका झाली आणि हा 1949 चा कायदा आपल्याला लागू झाला. म्हणजे खाजगी हद्दीतलं काम पालिकेनं करून पैसे हप्त्यानं घ्यायची सोय कायद्यात पहिल्यापासनं आहे, वापरायची मात्र आठवण कुणाला होत नाही.

दुसरीकडं वापरलेलं आहे. अहमदाबादला 1995 च्या सुमारास झोपडपट्ट्यांसाठी परिवर्तन योजना झाली, त्यात रस्ता, गटार यांच्याबरोबर घरटी नळ आणि संडाससुद्धा एकाच कामात धरले आणि प्रत्येक घरानं साधारण 2,000 रुपये घातले. हुबळी-धारवाड आणि बेळगावात चोवीस तास पाण्याचे प्रायोगिक भाग झाले तिथं घरगुती कनेक्शनं पण नवीन टाकली. तिकडं अमेरिकेत मॅडिसन शहरात प्रश्न शिशाच्या पाइपांचा होता. निम्मी पाइप बदलून निम्मी तशीच ठेवली तर हलवाहलवीनं काही काळ पाण्यात शिसं वाढतं, म्हणून 2001 पासनं त्यांनी मालकाच्या हद्दीतली पाइप बदलणं सक्तीचं केलं आणि निम्मा खर्च, 1,000 डॉलरपर्यंत, शहरानं परत दिला. पाणीपट्टीतनं हा पैसा देता येत नव्हता म्हणून पाण्याच्या टाक्यांवरच्या अँटेनांचं भाडं वापरलं! मार्ग काढायचाच म्हटलं की निघतो तो असा.

आपल्याकडं पण 2014 च्या स्वच्छ भारत अभियानात खाजगी घरात संडास बांधायला सरकारी अनुदान मिळालंच की, मग नळाच्या खाजगी पाइपवर सरकारी पैसा घातला तर ऑडिटात अडकेल ही भीती कशाची, मला खरंच कळत नाही.

कोल्हापूरला बीओटी रस्त्यांवेळी, म्हणजे खाजगी कंपनीनं रस्ते बांधून टोल घ्यायचा त्या योजनेत, जमिनीखालच्या लाइनी हलवण्यावरनं केवढा वाद झाला, टोलविरोधात आख्खं शहर उतरलं आणि 2015 च्या अखेरीला टोल गेला. काळम्मावाडी धरणातनं थेट पाइपलाइन 2023 च्या दिवाळीत आली, 50 किलोमीटरच्या वर लांबनं चांगलं पाणी आणलं, आणि शेवटचे काही फूट ते गटारातल्या पाइपमधनं घरात जातंय. ड्रेनेजचं पण तेच, मेन लाईन टाकली तरी घराचं कनेक्शन जोडलं नाही तर मैला नाल्यात आणि तिथनं पंचगंगेत.

नगरोत्थान या राज्य सरकारच्या योजनेतनं शहरात 100 कोटींच्या रस्त्यांची कामं मंजूर झाली. डांबर पडायच्या आधी प्रत्येक दाराला नवीन एमडीपीई (न गंजणारी प्लॅस्टिकची) पाइप आणि ड्रेनेजची जोडणी एस्टिमेटमध्येच धरा, खर्च घरफाळ्याबरोबर हप्त्यानं घ्या, ज्याची ऐपत नाही त्याला माफ करा. आपल्या प्रभागात वर्क ऑर्डर निघायच्या आत ही मागणी लेखी द्या, कारण खड्डा एकदा बुजवला की पुढची संधी रस्ता परत उकरल्यावरच.